पश्चिमेच्या कुंपणाला दाट आडोसा हवाय, लवकर वाढणारं काय लावावं?

सासवडरोड

नमस्कार मंडळी. पुण्याजवळ सासवड रस्त्याला बंगला आहे. पश्चिमेची हद्दभिंत ६० फूट लांब, ५ फूट उंच, सहा इंची वीटकाम. भिंतीपलीकडे २० फुटांवर पार्किंग अधिक तीन मजल्यांची इमारत झाली आहे आणि तिच्या सगळ्या बाल्कन्या आमच्या अंगणावर उघडतात. संध्याकाळी ओट्यावर बसायची सोय राहिली नाही.

भिंतीला लागून ३ फूट रुंदीचा मातीचा पट्टा आहे, त्यापुढे फरशी. वरची ८-९ इंच भरावाची माती, खाली मुरूम. पाणी बोअरचं आणि जड, तोट्यांवर पांढरे थर बसतात. दुपारनंतर ऊन थेट. ओटा १० फूट लांबीचा, भिंतीपासून १२ फुटांवर. सेप्टिक टँक दुसऱ्या बाजूला आहे, पण पावसाच्या पाण्याचा चार इंची पाइप याच पट्ट्याच्या उत्तर टोकातून जातो.

नर्सरीवाला कोनोकार्पस घ्या म्हणतो, "वर्षात दहा फूट, डोळे झाकून लावा". घरात अडीच वर्षांचं मूल आणि कुत्रा आहे. पाऊस सुरू झाला की लावायचं म्हणतोय. काय लावू, किती अंतरावर, आणि भिंतीला धोका होणार नाही ना?

लंबदोरी

झाडाचं नाव ठरवायच्या आधी किती उंची लागते ते काढा. "उंच पाहिजे" एवढ्यावर लोक तीस फुटी झाडं लावतात आणि मग ती बुंध्यापाशी उघडी पडली की पुन्हा आडोसा शोधतात.

बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून ४ फुटांवर धरा. बाल्कनीत उभ्या माणसाचा डोळा पहिल्या मजल्यावर १५, दुसऱ्यावर २५, तिसऱ्यावर ३५ फुटांवर येतो (पार्किंग धरून, मजल्याला १० फूट). झाडांची रांग भिंतीपासून २ फूट आत येईल, म्हणजे ओट्यावरच्या माणसापासून १० फूट. इमारत त्याच्यापासून ३२ फूट. आता हिशेब सोपा आहे: डोळ्याच्या उंचीतून ४ वजा करा, १० ने गुणा, ३२ ने भागा, त्यात पुन्हा ४ मिळवा.

पहिल्या मजल्यासाठी साधारण साडेसात फूट, दुसऱ्यासाठी साडेदहा, तिसऱ्यासाठी पावणेचौदा.

आता खुर्च्या झाडांच्या रांगेपासून ४ फुटांवर सरकवून बघा. इमारतीपर्यंतचं अंतर २६ फूट होतं आणि तेच आकडे पावणेसहा, सव्वासात आणि जेमतेम नऊ फुटांवर येतात. म्हणजे आडोशाच्या जवळ बसलं की पाच फूट उंची वाचते, आणि पाच फूट उंची म्हणजे झाडाची दोन-तीन वर्षं. ओटा पक्का असला तरी बसायची जागा हलवता येते का बघा. नसेलच हलत तर तिसऱ्या मजल्यासाठी झाड वाढवू नका, ओट्यावर ८ फुटांचा हलका मांडव टाकून त्यावर वेल सोडा. वरून येणारी नजर डोक्यावरच्या आच्छादनानं सगळ्यात स्वस्तात अडते.

दुसरं, ६० फूट सगळं उंच कशाला? ओट्यासमोर आणि दोन्ही बाजूंना तिरक्या नजरेसाठी सात-सात फूट धरून २४ फूट लांबीचाच भाग उंच ठेवा. उरलेल्या ३६ फुटांत ७ फूट उंचीची साधी कुंपणझुडपं पुरतात. उंच झाडाची छाटणी शिडीवर चढून करावी लागते, सात फुटी कुंपण जमिनीवर उभं राहून कापता येतं. हा फरक दर पावसाळ्यात जाणवतो.

रानमळा

लंबदोरी यांचा हिशेब धरूनच पुढे बोलतो.

कोनोकार्पस नको. वाढतो जोरात यात खोटं काही नाही, पण मुळं पाण्याच्या शोधात पाइपांचे सांधे, चेंबर, टाक्या धुंडाळतात आणि तुमचा पावसाचा पाइप त्याच पट्ट्यात आहे. हिवाळ्यात फुलतो तेव्हा त्याच्या परागांनी सर्दी-दम्याचा त्रास होतो अशा तक्रारी आहेत. याच कारणांवरून गुजरातच्या वनखात्यानं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. शिवाय दहा फुटांवर तो थांबत नाही, पावसाळ्यात दर तीन आठवड्यांनी कात्री लावावी लागते. दोन महिने हयगय झाली की खालचा भाग उघडा आणि वर झुबका.

वड-पिंपळाच्या कुळातली फायकसची शोभेची झाडं (बेंजामिना, काळा फायकस) याच वाटेनं जातात. भिंतीपासून दोन फुटांवर लावायची ती वस्तू नाही. सुबाभूळ बियांनी सगळ्या शेजारात पसरते. पिवळी बिट्टी आणि कण्हेर खरं तर मुरमात, जड पाण्यात उत्तम, रस्त्याच्या दुभाजकात त्या उगाच नसतात. पण दोन्ही विषारी आहेत, बिट्टीचं बी तर फारच. अडीच वर्षांच्या मुलाच्या घरात नकोच. शेर आणि मोगली एरंड यांचंही तेच. शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते.

एका वर्षात आडोसा देणारं आणि दहा वर्षं नीट राहणारं झाड सहसा एकच नसतं. म्हणून दोन्ही एकदम लावा. तात्पुरतं काम शेवरीला द्या. पानमळेवाले वेलींच्या आधाराला आणि सावलीला हीच लावतात, केळीच्या बागेभोवती वारा अडवायलाही हीच. जूनमध्ये बी टोकलं आणि पाणी मिळालं तर दिवाळीपर्यंत ८-१० फूट जाते. मुळांवर गाठी असतात, त्यामुळे जमिनीत नत्रही सोडते. बी टणक असतं. पाणी उकळून खाली उतरवा, मिनिटभर थांबून त्यात बी टाका, तसंच रात्रभर राहू द्या. फुगलेलं बी पेरा, न फुगलेल्यावर पुन्हा तोच प्रयोग. भिंतीपासून ९ इंचांवर एका ओळीत, दर ९ इंचांवर तीन दाणे, अर्धा इंच खोल. महिन्यानं एकेक जोमदार रोप ठेवून बाकीची कापा. उंच भागाच्या २४ फुटांना ५० ग्रॅम बी पुरून उरतं.

शेवरी ठिसूळ असते. वळवाच्या वाऱ्यात मोडते, म्हणून तिला दोन वर्षांपलीकडे ठेवायचं नाही. काढताना उपटू नका, जमिनीलगत कापा. उपटली तर शेजारच्या रोपांची मुळं हलतात.

३६ फुटांच्या ठेंगण्या भागासाठी माझं मत सरळ कोयनेलला. मूळची खाडीकाठची वनस्पती, त्यामुळे क्षाराचं पाणी तिला चालतं. शेळ्या तोंड लावत नाहीत, पानं बारमाही, कापलं तितकं दाट होतं. दोन ओळी, ओळींत एक फूट, रोपांत एक फूट, नागमोडी. ३६ फुटांना ७२ रोपं लागतात, ८० आणा. तगर शोभेला बरी पण जड पाण्यात पिवळी पडते. कामिनी सुंदर, दाट, मात्र सावकाश. आणि अंगणात लिंबू असेल तर कामिनी शेजारी नको, लिंबावर येणारी सिट्रस सिला ही कीड तिच्यावर पोसली जाते.

सासवडरोड

मनापासून धन्यवाद. खुर्च्या सरकवता येतील, म्हणजे ९-१० फुटांवर काम भागेल. २४ फुटांच्या उंच भागात बांबू लावला तर? एका दुकानात "गोल्डन बांबू" बघितला, सहा फुटी, पिशवीत. आणि उभा अशोक हा पर्याय बरेच जण सुचवतात, त्याचं काय?

कळकबेट

बांबू घेताना नाव नीट विचारा, कारण "गोल्डन" म्हणून दोन अगदी वेगळी झाडं विकली जातात. एक जाड पिवळ्या काठीवर हिरवे पट्टे असलेला. हा बेटात वाढतो, पण ४० फुटांवर जातो आणि काठी मनगटापेक्षा जाड होते. तीन फुटी पट्ट्यात तो दाटीवाटीनं भिंतीला टेकतो. दुसरा बारीक काठीचा, खालच्या पेरांवर जवळजवळ गाठी आलेला. हा जमिनीखालून धावणारा आहे, फरशीच्या सांध्यातून शेजाऱ्याच्या पार्किंगमध्ये निघतो. दोन्ही तुमच्या कामाचे नाहीत.

तुम्हाला हवा तो मल्टिप्लेक्स बांबू. बेटाचा, बारीक काठ्यांचा, बुंध्यापासून पानं, उंची १२ ते १८ फूट. रोपांत ३ फूट अंतर, २४ फुटांना ८ रोपं. सहा फुटी पिशवीवर जादा पैसे घालू नका. बांबूची उभी काठी नंतर उंच होत नाही. प्रत्येक काठी पावसाळ्यात जमिनीतून जेवढ्या जाडीची निघते तेवढीच राहते आणि दोन-तीन महिन्यांत तिची पूर्ण उंची गाठते. पुढच्या वर्षी येणाऱ्या काठ्या जास्त जाड, जास्त उंच. म्हणजे विकत घेतलेली उंची वाया जाते, तिसऱ्या पावसाळ्यात निघणारी काठीच तुमचा आडोसा. रोप घेताना उंची बघू नका, पिशवीत किमान चार-पाच काठ्या आणि एखादा नवा कोंब आहे का ते बघा.

त्यातून एक सोय अशी की काठीचा शेंडा १० फुटांवर कापला की ती काठी तिथेच थांबते आणि बगलेतून फांद्या फुटून दाट होते. कापणी दिवाळीनंतर. पावसाळ्यात कोवळे कोंब मोडले तर त्या वर्षीचा आडोसा गेला. तीन वर्षांपेक्षा जुन्या, राखट झालेल्या काठ्या दरवर्षी बुडापासून काढा, नाहीतर बेट मधून सुकतं आणि बाहेरच्या कडेनं फरशीवर चढतं.

आता नकाराची बाजू. जड पाण्यात बांबूची पानं टोकाकडून तपकिरी होतात. मरत नाही, पण कायम करपल्यासारखा दिसतो. मार्च-एप्रिलमध्ये पानगळ एवढी की पन्हाळी आणि जाळ्या आठवड्याला साफ कराव्या लागतात. बोअरच्या पाण्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) १,००० च्या आत असेल तर लावा. दीड-दोन हजार असेल तर नाद सोडा.

अशोकाबद्दल: ३ फुटांवर लावला तर अरुंद राहतो, पानं बारमाही. पण १५ फूट व्हायला चार-पाच वर्षं घेतो. पाणी साचलं की पिवळा पडतो आणि शेंडा कापला की त्याचा घाट जातो. त्याला १० फुटांवर थोपवून धरणं म्हणजे झाडाशी रोजचं भांडण.

सातबारा

झाडांच्या निवडीत हेही धरा: नगरपालिका-महापालिका हद्दीत १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन कायद्याखाली स्वतःच्या आवारातलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. अशोक, सिल्व्हर ओक वगैरे आज हौसेनं लावले आणि पाच वर्षांनी नको झाले तर अर्ज, पाहणी, वाट बघणं आलं. कुंपणाची झुडपं आणि वेली यांच्यात हा व्याप होत नाही. तुमचं गाव कुठल्या हद्दीत येतं तेवढं बघून घ्या.

वेलमांडव

पाणी जड आणि पट्टा तीन फूट, अशा ठिकाणी माझा कौल चौकटीवर वेल. जाडी एक फूट, मुळांचा भिंतीला त्रास कमी, आणि उंची तुम्ही ठरवाल तेवढीच. शेवरी जोडीला लावा किंवा नका लावू, वेल पहिल्याच वर्षात बरंच झाकते.

चौकट भिंतीला ठोकायची नाही. दाट वेल वाऱ्याला शिडासारखी असते, सहा इंची भिंत तो ताण घेत नाही, वळवाच्या एका झोतात विटा उचकटतात. २ इंची जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप, मध्यम जाडीचा, १२ फूट लांब. अडीच फूट जमिनीत, साडेनऊ वर. २४ फुटांना दर ८ फुटांवर एक, म्हणजे ४ खांब. खड्डा दीड बाय दीड, अडीच फूट खोल, १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट. वरचा थर जमिनीच्या दोन इंच वर घ्या आणि उताराचा करा, नाहीतर पाइप तिथेच गंजून मोडतो. माथ्यावर दीड इंची आडवा पाइप, मग दर एक फुटावर १२ गेजची जीआय तार, ताणायला टर्नबकल. जाळी लावायची तर ३ इंची घरांची वेल्डेड जाळी. बारीक घरांच्या जाळीत खोड जाड झालं की तार आत रुतते आणि वरचा भाग वाळतो.

वेली कोणत्या:

संक्रांतवेल. दाट, बारमाही, जानेवारी-फेब्रुवारीत केशरी फुलांनी भरते. तणाव्यांनी स्वतः धरते. पुण्याच्या हवेत छान.

पडदावेल, नर्सरीत कर्टन क्रीपर म्हणून मिळते. वर बांधून न्यावी लागते, पण माथ्यावर पोचली की पडद्यासारखी खाली लोंबते आणि आडव्या पाइपपासून जमिनीपर्यंत झाकते. पूर्ण उन्हात दाट. बुडाशी विरळ होते, म्हणून तिच्यामध्ये दुसरी वेल हवीच.

मधुमालती. खडकाळ जमिनीत चालते, वाढ दांडगी, पण हिवाळ्याअखेर पानं झडून महिनाभर उघडी दिसते. एखादं रोप ठीक, सगळी रांग नको.

थंबर्जिया, निळ्या मोठ्या फुलांची. एका पावसाळ्यात १५ फूट. तुमच्याकडे उन्हाळ्यात रोज पाणी असेल तरच. मोकळी सोडली तर जवळच्या झाडाला गुदमरवते.

बोगनवेल जड पाण्याला सगळ्यात काटक, पण काटे. मुलाच्या हाताच्या उंचीला नको, टोकाच्या खांबाला एक चालेल. आणि आइसक्रीम वेल कुणी फुकट दिली तरी घेऊ नका, जमिनीत कंद धरते आणि मग काढून संपत नाही.

२४ फुटांना ३ फुटांवर ८ रोपं: चार संक्रांतवेल, तीन पडदावेल, एक बोगनवेल किंवा मधुमालती, आलटून पालटून.

वेल फसते ती एकाच कारणानं. शेंडा सरळ माथ्यावर जाऊ देतात. दोन महिन्यांत वर झुबका होतो आणि खाली सात फूट नुसती दोरखंडं. त्यापेक्षा रोप दीड फुटांचं झालं की शेंडा खुडा, फुटलेल्या तीन-चार फांद्या पहिल्या तारेवर आडव्या बांधा, तिथून वर वळलेल्या फांद्या पुढच्या तारेवर पुन्हा आडव्या. आडव्या फांदीच्या प्रत्येक डोळ्यातून फूट निघते. यात माथा गाठायला दोन-अडीच महिने जास्त लागतात, पण भिंतीच्या वर दिसणारा सगळा भाग भरलेला राहतो. बांधायला सुतळी घ्या, तार किंवा केबल टाय नको.

दापोलीकर

कोकणातून वाचणाऱ्यांसाठी तेवढ्यात: जांभ्यात आणि आपल्या पावसात हे सगळं गणित बदलतं. निर्गुडी आणि गिरिपुष्पाचे चार-पाच फुटी खुंटे जूनच्या सुरुवातीला एक फूट खोल रोवले तर त्याच पावसाळ्यात फुटतात, खर्च जवळपास शून्य. मात्र गिरिपुष्प फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो तेव्हा पानं नसतात, आणि पाहुणे, सुट्ट्या, अंगणातलं बसणं त्याच दिवसांत. आडोसा म्हणून एकटा लावू नका, मागे अडुळसा किंवा कोयनेल धरा.

चर_चारी

झाडं ठरली, आता जमीन. मुरमात फुटभर खड्डे घेऊन रोप ठेवलं तर वर्षभर बरं दिसतं आणि मग अडतं, कारण मूळ खड्ड्याच्या भिंतीला वळून आतल्या आत फिरत राहतं. सलग चर घ्या.

चराची रुंदी दीड फूट, खोली २ फूट, भिंतीपासून सव्वा फूट सोडून. ६० फुटांचे १८० घनफूट, म्हणजे पावणेदोन ब्रासला थोडं जास्त. सगळा चर एकदम उघडू नका. कंपाउंड भिंतीचा पाया फार खोल नसतो, उघड्या चरात वळवाचं पाणी भरलं तर भिंत कलते. १०-१२ फूट खणा, भरा, पुढे जा. पावसाच्या पाइपच्या आधी चार फूट थांबा, त्या टोकाला कुंडीत काहीतरी ठेवा.

खणून झालं की तळ पहारीनं अर्धा फूट फोडा आणि एक भाग पाण्यानं भरून बघा. चोवीस तासांत उतरलं तर ठीक. नाही उतरलं तर खाली कातळ आहे आणि चर म्हणजे नुसतं टाकं. मग एका टोकाला उतार देऊन पाणी बाहेर काढायची वाट करावी लागते. निघालेल्या मुरमावर टॉयलेटच्या अॅसिडचे दोन-चार थेंब टाकून बघा. फसफसला तर चुनखडी आहे, तो मुरूम परत आत टाकायचा नाही.

भरायला: वरची भरावाची माती साधारण ६५ घनफूट निघेल, ती वापरा. पोयटा किंवा लाल माती ५५, कुजलेलं शेणखत ६०. त्यात निंबोळी पेंड ३० किलो आणि सिंगल सुपर फॉस्फेट ६ किलो, सगळं बाहेर एकत्र करून मग चरात. शेणखत हाताला गार, काळं, वास नसलेलं पाहिजे. ताज्या शेणातून हुमणी येते आणि मुरमात वाळवी ठरलेलीच. भर जमिनीपेक्षा ५-६ इंच वर ठेवा, दोन पावसांत बसते. भर भिंतीला टेकवू नका, ओल विटांत चढते.

रोपांचं: पुण्यातल्या नर्सऱ्यांत बराच माल आंध्रातल्या कडियमहून येतो, चिकट लाल मातीच्या घट्ट गोळ्यात. तो गोळा जसाच्या तसा भुसभुशीत मातीत ठेवला की पाणी कडेनं निघून जातं, आत कोरडं राहतं, आणि ओल्या चरात रोप वाळतं. लावण्याआधी गोळा बादलीत अर्धा तास बुडवा, बाहेरचा इंचभर थर हातानं मोकळा करा, गोल गुंडाळलेली मुळं कात्रीनं उभी चिरा. पिशवी फाडून पूर्ण काढा. "तळाला भोकं आहेत, तशीच लावा" असं सांगणारे भेटतील.

पाणी: १६ मिमी इनलाइन नळी, ४० सेंटीमीटरवर ४ लिटरचे ड्रिपर. ६० फुटांत ४५ ड्रिपर, तासाला १८० लिटर. मुरमात पाणी सरळ खाली जातं, म्हणून दोन दिवसांनी भरपूर देण्यापेक्षा एप्रिल-मेमध्ये रोज पाऊण तास, हिवाळ्यात एक दिवसाआड अर्धा तास. नळीचं शेवटचं टोक पंधरवड्याला उघडून मिनिटभर पाणी वाहू द्या, तुमच्या पाण्यात नाहीतर सहा महिन्यांत ड्रिपर बंद. गच्चीच्या पावसाच्या पाण्याची एक चारी या चरात सोडता आली तर सोडा, वर्षभर साठलेले क्षार धुऊन निघतात. वर पालापाचोळा किंवा उसाचं पाचट तीन इंच, खोडापासून चार बोटं दूर.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी आहे. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, जमिनीत टाकून चुनखडीत उपयोग होत नाही, ते तिथेच बांधलं जातं. ५ ग्रॅम फेरस सल्फेट एक लिटर पाण्यात, त्यात अर्धं लिंबू पिळून, संध्याकाळी पानांवर फवारा, दहा दिवसांनी पुन्हा. भिंतीवर उडवू नका, तांबडे डाग निघत नाहीत.

सासवडरोड

टीडीएस मीटरनं मोजला, १,४५० आला. म्हणजे बांबू रद्द, चौकट आणि वेली नक्की. ३६ फुटांत कोयनेल. एक शंका: शेवरी भिंतीकडे लावली तर वेलींवर सावली पडणार नाही का? ऊन पश्चिमेचंच आहे. आणि कोयनेलची छाटणी कधीपासून?

रानमळा

पडेल, म्हणूनच शेवरी दाट ठेवायची नाही. वेल दुसऱ्या तारेवर पोचली, साधारण ऑगस्टअखेर, की शेवरीच्या खालच्या चार फुटांतल्या फांद्या काढून टाका. वरचा शेंडा आडोसा देतो, खालून ऊन आत येतं. जानेवारीत एकाआड एक शेवरी कापा, पुढच्या जूनमध्ये उरलेल्या. छाटलेला पाला तिथेच चरावर अंथरा, वेगळं नत्रखत द्यायची गरज पडत नाही.

चौकट पावसाआधी उभी करा, रोपं लावल्यावर काँक्रीट ओतायला गेलात की चर तुडवला जातो. क्रम असा ठेवा: आधी खांबांचे खड्डे आणि काँक्रीट, सात दिवस त्यावर पाणी, मग चर, मग तारा, आणि पहिले दोन चांगले पाऊस झाले की रोपं. शेवरीचं बीही तेव्हाच.

कोयनेलची पहिली कापणी लावतानाच. रोप दीड फूट असेल तर नऊ इंचांवर आणा. जिवावर येतं, पण त्याशिवाय बुडातून फूट येत नाही आणि पुढे कितीही कापलं तरी खालचा फूटभर उघडाच राहतो. नवीन फूट ८ इंच झाली की निम्मी कापा, पावसाळ्यात दर तीन-चार आठवड्यांनी. सात फुटांवर पोचेपर्यंत असंच चढवत न्या. कापताना बुडाशी अडीच फूट, माथ्याला दीड फूट, अशी उतरती बाजू ठेवा. माथा रुंद झाला की सावली खालच्या पानांवर पडते आणि ती गळतात. एप्रिल-मेमध्ये कात्री बंद, कापलेली टोकं उन्हानं करपतात.

लंबदोरी

खड्डे खणायच्या आधी एक काम करा. दोन उंच बांबू रोवून त्यांच्यात साडेनऊ फुटांवर चादर किंवा जुनी साडी ताणा, आणि खुर्चीत बसून संध्याकाळी इमारतीकडे बघा. तुमची जमीन ओट्याकडे चढती असेल तर माझ्या आकड्यांत फूट-दीड फुटाचा फरक पडेल. खांबाची लांबी त्यावरून ठरवा, १२ फुटांचा पाइप कापून घेतल्यावर वाढवता येत नाही.